वरचा एक डॉलर

गेल्या ऑक्टोबरातल्या तिसऱ्या शुक्रवारी, सकाळी साडेदहाला, ओहायोतल्या कोलंबस शहरात, जिथे घरांच्या खरेदी-विक्रीच्या सह्या होतात अशा एका टायटल ऑफिसात, एक लाख बारा हजार एक डॉलरचा व्यवहार झाला. हजर होतो आम्ही चौघं: घर विकणाऱ्या मिस डोरोथी, कागद पुढे सरकवणाऱ्या ऑफिसच्या शेरिलबाई, घर घेणारे माझे साडू, आणि भिंतीकडच्या खुर्चीत मी. त्या घराशी माझा काही संबंध नव्हता. पैसे तेवढे माझे होते.

माझी नोकरी हिशेब तपासण्याची आहे आणि स्वभावही तोच. कोलंबसला लागूनच्या डब्लिन गावात आम्ही राहतो ते घर घेण्याआधी मी दीड वर्ष घरं पाहत होतो आणि घेतल्यावरही महिनाभर मला नीट झोप लागली नव्हती. तेव्हा जबाबदारीने लिहितो, की माझ्या साडूंएवढी घरं हाताळलेला, आणि तरीही त्या शुक्रवारपर्यंत त्यातल्या एकाही घरात एक रात्र न काढलेला मराठी माणूस अख्ख्या अमेरिकेत दुसरा सापडणार नाही. शंभराच्या वर घरं त्यांच्या हातून गेली. किल्ली मात्र तोवर कधी दुपारच्या चहापलीकडे त्यांच्या खिशात राहिली नाही. ते आणि ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, सव्वीस वर्षं भाड्याच्या अपार्टमेंटात राहत आले आहेत, तेही दुसऱ्या मजल्यावर. ताईंचा कढीपत्ता उन्हाळ्यात बाल्कनीत असतो आणि थंडीत बाथटबमध्ये. "आंघोळीला गेलं की आधी त्याला उचलून बाहेर ठेवायचं," असं ताई हसत सांगतात. "चार हात परस मिळालं असतं तर बिचारा जमिनीत लागला असता." कढीपत्ता ओहायोच्या जमिनीत जगत नाही हे त्यांनाही माहीत आहे. पण परसाचा विषय काढायला त्यांना एवढं निमित्त पुरतं.

साडूंचा धंदा समजायला मला दोन वर्षं लागली. ज्याला घर घाईने विकायचं आहे असा मालक ते शोधतात, त्याच्याशी भाव ठरवून ॲग्रीमेंट करतात आणि थोडा विसार देतात. मग घर ताब्यात यायच्या आतच ते ॲग्रीमेंट ते तिसऱ्या माणसाला जास्त भावात विकतात. तो तिसरा मालकाला पैसे देऊन घर घेतो, मधला फरक साडूंना मिळतो. याला इकडे असाइन करणं म्हणतात. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो, आणि माझ्या मुलीने मान वर करून मला विचारलं होतं, "बाबा, इज दॅट ईव्हन लीगल?" मलाही तेच विचारायचं होतं.

"जे घर तुमचं नाही ते तुम्ही विकता कसं?" मी म्हटलं.

"घर कोण विकून राह्यलं, साडूभाऊ?" ते वरणात भात कालवत म्हणाले. "मी साठेखत विकतो. खरेदीखत ज्याचं त्यानं करावं. यवतमाळले सब-रजिस्ट्रारच्या कचेरीबाहेर माहा बाप जन्मभर दस्त लिहीत बसला. साठेखत आन् खरेदीखत यातला फरक मले दुधाचे दात पडायच्या आत समजला. इथं लोक त्याच्यासाठी वीकेंडचा कोर्स करतात!"

मी त्यांची कागदपत्रं मागून घेतली आणि दोन रविवार घालवून वाचली. खोट सापडली नाही. उलट प्रत्येक मालकाला पहिल्याच भेटीत ते स्पष्ट सांगतात, की मी हे घर ठेवणार नाही, पुढे देणार आहे, आणि मधे मला पैसे सुटणार आहेत. असं सांगून कोणी ॲग्रीमेंट करील यावर माझा विश्वास बसेना. म्हणून एकदा मी त्यांच्याबरोबर गेलो.

फेब्रुवारी होता, बाहेर घोटाभर बर्फ. एका म्हाताऱ्या माणसाने दार उघडलं आणि साडू उंबऱ्यातच खाली बसून बुटांच्या नाड्या सोडू लागले. त्यांच्या बुटांना गाठी फार. दार सताड उघडं, घरातली ऊब बाहेर चाललेली, म्हातारा "राहू द्या, राहू द्या" म्हणतोय, आणि हे आपले, "नाही नाही, तुमचं घर आहे," म्हणत दुसऱ्या बुटाला हात घालतायत. दुसऱ्याच्या घरात बूट घालून जायला त्यांचा पायच उचलत नाही. त्यामागे काही युक्ती असेल असं मला वाटलं होतं, पण ते टायटल ऑफिसातही गालिचा दिसला की एकदा खाली वाकतात आणि शेरिलबाई त्यांना थांबवतात. त्या म्हाताऱ्याकडे त्याआधी चार जण घर पाहून गेले होते आणि चौघांनीही गालिच्यावर चिखल केला होता. त्याने साडूंच्या मोज्यांकडे बराच वेळ पाहिलं आणि कॉफी ठेवली. साडूंचं टॅक्स रिटर्न मी भरतो. त्यात दरवर्षी धंद्याचा खर्च म्हणून डझनभर मोजे लिहिलेले असतात. मी ते खोडतो. ते म्हणतात, "अरे बाप्पा, तेच तर भांडवल आहे!" मी तरी खोडतो.

घर पाहायची त्यांची पद्धत अशी, की आत गेल्यावर ते छप्पर बघत नाहीत, तळघर बघत नाहीत, टॉर्च काढत नाहीत. ते पाणी मागतात. तेही नळाचं. मालक पेला भरतो तोवर हे डोळे मिटून ऐकत असतात, मग एक घोट तोंडात धरून गिळतात. नळ किती जोरात आला, पाइप कुठे धडधडला, पाण्याला लोखंडाची चव आहे का, यावरून ते घराची अर्धी प्रकृती सांगतात. मी सोबत होतो त्या दिवशी पेल्यातलं पाणी चहाच्या रंगाचं होतं. साडूंनी ते शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन "थँक यू" म्हटलं. बाहेर गाडीत बसल्यावर म्हणाले, "पाइप गेले सगळे. सहा हजार कमी सांगावं लागते." मग थोड्या वेळाने, "पाणी मात्र मनापासून दिलं त्यानं."

आणि तिसरी गोष्ट म्हणजे वरचा एक. विसार शंभर एक, भाव अमुक हजार एक. शून्यावर संपणारा आकडा त्यांनी आजवर कुठल्याही कागदावर येऊ दिलेला नाही. एकदा टायटल ऑफिसात नवी लागलेली मुलगी तो एक डॉलर टायपिंगची चूक समजून काढून बसली. साडूंनी पेन खाली ठेवलं. कागद पुन्हा छापून येईपर्यंत पाऊण तास सगळे ताटकळले. त्या मुलीने शेवटी विचारलं, "पण सर, हा एक डॉलर कशासाठी असतो?" साडू म्हणाले, "पुढच्या वेळेसाठी. शून्य आलं की व्यवहार संपला. एक ठेवला की ओळख चालू राहते." ती मुलगी आता तिथं नसते, पण शेरिलबाई नव्या माणसाला पहिल्या दिवशी हे शिकवतात असं ऐकतो.

तर मिस डोरोथी. जन्मभर शाळेची बस चालवलेली ही बाई आता ऐंशीच्या पुढे गेली होती, आणि शहराच्या पूर्व भागातलं आपलं छोटं विटांचं घर विकून टेनेसीला बहिणीकडे राहायला निघाली होती. साडूंनी बूट काढले, पाणी प्यायलं, भाव सांगितला, आणि नेहमीप्रमाणे हेही सांगितलं की ॲग्रीमेंट मी पुढे देणार. मिस डोरोथींनी चष्मा लावून सगळा कागद वाचला आणि असाइन करण्याचं कलम पेनाने खोडून टाकलं.

"माझ्या दारात बूट तू काढलेस," त्या म्हणाल्या. "घर मी तुला विकणार. मग तुझं झाल्यावर त्याचं काय करायचं ते तू बघ."

म्हणजे साडूंच्या पायताणानेच त्यांचा धंदा अडवला. आता एकच वाट होती, जिला डबल क्लोजिंग म्हणतात. सकाळी मिस डोरोथींकडून घर स्वतःच्या नावावर खरेदी करायचं, आणि दुपारी ते दुसऱ्याला विकायचं. दुपारचं गिऱ्हाईक तयार होतं. घरं दुरुस्त करून भाड्याने देणारा एक तरुण कंत्राटदार, त्याने एक लाख एकतीस हजार एकावर हात मिळवला होता. पण सकाळचे पैसे साडूंचे स्वतःचे लागणार, तीन-चार तासांसाठी. तेवढे त्यांच्याकडे कधीच नसतात. ते माझ्याकडे आले, सोफ्यावर न बसता उभे राहिले आणि म्हणाले, "साडूभाऊ, साडेदहा ते दोन. तुमाले जमत नसेल तर तसं सांगा, मी राग मानत नाही."

माझ्या घरावर बँकेने मला उचल मंजूर केलेली आहे. आजवर तिला मी हात लावला नव्हता. मी त्यांना उद्या सांगतो म्हटलं आणि आत येऊन बायकोला विचारलं. ती म्हणाली, "ताईच्या नवऱ्याने सव्वीस वर्षांत आपल्याकडे काय मागितलं? लिंबाचं लोणचं." हे खरं होतं.

म्हणून त्या शुक्रवारी मी भिंतीकडच्या खुर्चीत होतो. सह्या व्हायच्या आधी मिस डोरोथी जरा घुटमळल्या. मधल्या दिवसांत पाऊस होऊन मागच्या खोलीचं छत गळलं होतं आणि त्यांनी ते स्वतःहून सांगितलं होतं. "छपराचे काही कापणार असशील," त्या म्हणाल्या. साडूंनी मान हलवली. "आपला हात मिळवून झाला तेव्हा छप्पर कोरडं होतं." मिस डोरोथींनी सही केली, पर्समधून किल्ली काढून त्यांच्या हातात ठेवली आणि वर त्यांचे दोन्ही गाल कुरवाळले. साठीतल्या माणसाचे असे गाल कुरवाळलेले मी प्रथमच पाहत होतो.

दोन वाजता कंत्राटदार आला नाही. सव्वादोनला फोन आला. साडूंनी तो स्पीकरवर लावला, कारण पैसे माझे होते.

"मार्केट थंड आहे," तो म्हणाला. "एकशे सतरा हजार. त्याच्या वर एक सेंट नाही. पाच मिनिटांत सांगा, नाहीतर माझा विसार ठेवून घ्या आणि घरही."

साडूंनी फोनवर तळवा ठेवला. "सांगा साडूभाऊ. एकशे सतरात तुमचे सगळे आत्ता परत येतात, मलेही दोन-चार हजार सुटतात. तुमी म्हणाल तर हो म्हणतो."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर घर माह्यं. दुसरं गिऱ्हाईक पाहतो. महिन्याच्या आत तुमचे पैसे तुमाले."

"तुम्हाला काय वाटतं?"

"हात मिळवून झाल्यावर भाव बदलत नसते. पण पैसे माहे नाहीत."

माझ्या उचलीवर व्याज दिवसाला सव्वीस डॉलर होतं. पण खरा हिशेब मी दुसराच केला. ज्याने सकाळी गळक्या छपराचे पैसे कापले नाहीत, तो माणूस माझा महिनाही पाळील. "महिना," मी म्हटलं. साडूंनी तळवा काढला, "थँक यू, नो," एवढं बोलून फोन ठेवला आणि डब्यातल्या भाजलेल्या शेंगा सोलायला लागले. शेरिलबाईंनाही दिल्या. माझे दाणे मुठीतच आणि हे विचारतायत, "घाबरून काऊन राह्यले? शेंगा खारट आहेत का?" एक लाख बारा हजार एक डॉलर अंगावर आणि चित्त असं शांत! हिशेबाच्या धंद्यात तीस वर्षं काढून मी असा माणूस पाहिला नाही.

संध्याकाळी ताईंना कळलं की किल्ली अजून खिशात आहे. त्यांनी पातेलं घेतलं, फ्रिजमधून दूध घेतलं, लसणाच्या दोन गड्ड्या घेतल्या आणि गाडीत जाऊन बसल्या. नव्या घरात दूध उतू घालायचं असतं, आणि सव्वीस वर्षांत त्यांना ते कुठेच घालता आलं नव्हतं. मागोमाग मी आणि बायकोही गेलो. मिस डोरोथींची शेगडी विजेची, जुनी, दूध काही वर येईना. आम्ही चौघं पातेल्याभोवती उभे. मग एकाएकी ते फसकन चहूबाजूंनी गेलं, तापलेल्या कॉइलवर धूर झाला, आणि छतावरचा अलार्म किंचाळायला लागला. साडू खुर्चीवर चढून ताईंच्या ओढणीने त्याला वारा घालत होते, शेजारचा माणूस धावत आला होता, आणि ताई हात जोडून शेगडीसमोर उभ्या होत्या. डोळ्यांतलं पाणी धुराचं असेल. मग साडूंनी खाली उतरून नळाचं पाणी पेल्यात घेतलं, घोट तोंडात धरला, गिळला. "चांगलं आहे," ते म्हणाले. आपल्या नळाचं पाणी ते पहिल्यांदा पीत होते.

ती रात्र दोघं तिथेच गालिच्यावर झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी परसात वाफा करून लसूण लावला. इकडे लसूण ऑक्टोबरात लावतात, बर्फाखाली राहतो आणि जुलैत निघतो. "जुलैत?" मी विचारलं. "जुलैत," ताई म्हणाल्या.

मला ते बरोबर कळलं. त्या रविवारी मी साडूंना बाजूला घेऊन म्हटलं, "घर ठेवा. माझे पैसे सावकाश द्या, हप्त्यांनी. बँकेचं व्याज भरलंत की झालं."

"महिना म्हटलं होतं."

"मीच सांगतोय ना, महिना राहू द्या!"

"तुमी चांगले आहात म्हणून मी माहा शब्द मोडायचा काय? आन् उद्या तुमची पोरगी कॉलेजात जाईल, तुमच्या घरावर माह्या घराचं ओझं. नाही." मग आवाज खाली आणून, "कर्जासाठी बँकेतही जाऊन आलो. कमाई दरमहा सारखी नाही म्हणे. तुमच्या ताईले सांगू नका."

पुढच्या बुधवारी घर पाहायला एक जोडपं आलं. प्रज्ञा विद्यापीठात संशोधन करते, तिचा नवरा सुमेध एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. कडेवर वर्षाची मुलगी. लोन मंजूर करून तयार होते. दार साडूंनी उघडलं; ताई आणि मी आतच होतो.

"जय भीम, काका," प्रज्ञा म्हणाली.

"जय भीम. नागपूरच्या काय तुमी?"

"कामठीची."

आणि असं म्हणत दोघंही उंबऱ्यात वाकली आणि बूट काढायला लागली. मग बाळाचेही काढले, एवढाले, बोटभर. साडूंनी माझ्याकडे पाहिलं. पत्ते उघडे पडल्यावर माणूस पाहतो तसं. आत येऊन प्रज्ञाने ताईंकडे बाळासाठी पाणी मागितलं.

स्वतः कितीला घेतलं, छप्पर कुठे गळतं, सगळं सांगून साडूंनी एक लाख चोवीस हजार एक भाव सांगितला. सुमेध हसून म्हणाला, "काका, वरचा एक तरी सोडा." साडू म्हणाले, "बाकी बोला. तेवढा एक सोडून बोला." ताई खिडकीतून परसाकडे बघत होत्या. साडूंनी हात पुढे करण्याआधी त्यांच्याकडे पाहिलं, आणि माझ्या माहितीप्रमाणे कुठल्याही व्यवहारात ते तेवढे एकदाच थांबले. ताई वळल्या नाहीत. म्हणाल्या, "द्या यांना. पोरीला रांगायला जागा आहे. पण लसूण माझा."

तो लसूण ॲग्रीमेंटात गेला. शेरिलबाईंनी दोनदा विचारून घेतलं आणि टाइप केलं, की मागच्या अंगणातल्या पिकावर विकणाऱ्याच्या पत्नीचा हक्क राहील.

नोव्हेंबरात, अठ्ठाविसाव्या दिवशी, त्याच ऑफिसात सह्या झाल्या. साडूंनी मला दोन चेक दिले: एक, एक लाख बारा हजार एकचा, दुसरा व्याजाचा, सातशे एकतीसचा. व्याज माझ्या हिशेबाने सातशे तीस डॉलर एकतीस सेंट होत होतं. एकोणसत्तर सेंट जास्त आहेत असं मी म्हटलं तेव्हा ते म्हणाले, "असू द्या. एकावर संपतंय." मग त्यांनी खिशातून किल्ली काढली, प्रज्ञाच्या हातात ठेवली, आणि बाहेर आल्यावर दोनदा रिकामा खिसा चाचपला.

जुलैच्या मध्याला प्रज्ञा आणि सुमेध कागदी पिशवी घेऊन अपार्टमेंटचे दोन जिने चढून आले. मुलगी आता चालत होती. आम्हीही नेमके तिथेच होतो. ताईंनी पिशवी टेबलावर ओतली आणि साडूंनी सवयीने मोजल्या. एकवीस गड्ड्या.

"निघाल्या वीसच, काकू," प्रज्ञा म्हणाली. "वरची एक दुकानातून आणली."

साडू उठले. ते पाणी आणायला आत गेले.

ताईंनी वीस गड्ड्या टोपलीत ठेवल्या. दुकानातली ती एक त्यांनी वेगळी काढून कागदात गुंडाळली, ऑक्टोबरात लावायला. कुठे लावणार, ते मी विचारलं नाही.